बूट घालून शाळेत निघालेली बाई

24 फेब्रुवारी 1883 रोजी कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीत भाषण करायला उभी राहिली. तिला अठरा पुरी व्हायला अजून महिना होता. तिचं नाव आनंदीबाई जोशी. नवरा गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांची नेमणूक त्याच गावी होती. ही बाई डॉक्टरकी शिकायला एकटी अमेरिकेला निघाली आहे, हे कळल्यापासून लोकांच्या तोंडाला विश्रांती नव्हती. लोक विचारत होते त्यांतले सहा प्रश्न तिने निवडले आणि एकेकाला जाहीर उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का करायचं?

दुसऱ्या प्रश्नाशी आल्यावर ती वर्ग, शिक्षक आणि अभ्यासक्रम यांवर बोलून थांबली नाही. ती रस्त्याबद्दल बोलली.

मुंबईत असताना ती पुस्तकं हातात घेऊन पायी शाळेत जात असे. तिला बघायला लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढत, काही जण त्यासाठी गाड्या थांबवत. रस्त्यावरचे हसत उभे राहत आणि तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत: बूट-मोजे घालून शाळेत निघालेली ही कोण, कलियुग म्हणतात ते हेच. ओटीवर बसलेली प्रतिष्ठित मंडळी अचकटविचकट बोलत आणि खडे मारायलाही लाजत नसत. दुकानदार आणि फेरीवाले तिला पाहून थुंकत. त्यांचे हातवारे तर असे, की त्यांचं वर्णन करणं तिला शक्य वाटलं नाही. हे भाषण पुढे छापलं गेलं आणि कॅरोलिन डॉल या अमेरिकी लेखिकेनं 1888 मध्ये लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रातही ते आलं. रस्त्यावर बाईला होणाऱ्या त्रासाचं, त्या बाईनंच भरसभेत केलेलं इतकं जुनं आणि इतकं नेमकं कथन आपल्याकडे फारसं सापडत नाही.

त्या रस्त्याची गोष्ट मात्र आनंदीबाईंच्या जन्माआधीच सुरू झाली होती.

रस्ता सगळ्यांचा, ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवी होती. 1818 मध्ये पेशवाई गेली, पण पुण्याच्या पेठांतून कोणी, कसं आणि किती अंतर राखून चालायचं याचे नियम लोकांच्या अंगवळणी पडलेले होते. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराच्या जिवाची बाजीरावाच्या अमलात काय किंमत होती, हे तिने त्यात लिहून ठेवलं आहे. कोणत्या रस्त्यानं कोणी जावं हे जातीवर ठरत होतं, आणि बाईच्या बाबतीत त्यावर आणखी एक कुलूप होतं.

तेव्हा बायका रस्त्यावर नव्हत्या असं नाही. भाजीवाल्या होत्या, कोळणी होत्या, मोळ्या घेऊन गावात येणाऱ्या होत्या, पाणी भरणाऱ्या आणि दळणाकांडणाला जाणाऱ्या होत्या. त्यांना काय सोसावं लागलं याची नोंद कोणी ठेवली नाही, कारण त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही आहे असं लिहिणाऱ्यांना वाटलं नाही. डोक्यावर पाटी असलेली बाई पेठेतून गेली तर कोणी कलियुगाचं नाव काढत नसे. हातात पुस्तक आलं, पायात बूट आले, की मात्र ओट्यावरची माणसं उठून उभी राहत. पाटीवाली दुसऱ्याच्या घरासाठी किंवा पोटासाठी चालली आहे हे दिसत होतं. पुस्तकवाली स्वतःसाठी चालली होती.

1848 मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. सुरुवातीला मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. वाड्याच्या आत काय शिकवलं जातं हे बाहेरच्यांना दिसत नव्हतं. दिसत होती ती रोज ठरल्या वेळी गंज पेठेकडून बुधवारात जाणारी एक तरुण मास्तरीण. तिला घाबरवलं की शाळा आपोआप बसेल, इतका साधा हिशेब होता.

पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ते बहुतेक वेळा एका दिवसाचा प्रसंग असल्यासारखं सांगितलं जातं. बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींतून पुढे आलेलं चित्र वेगळं आहे. ते रोजचं होतं. जाताना-येताना शेण, चिखल, खडे आणि शिव्या. त्यावर सावित्रीबाईंनी काढलेला तोडगाही रोजचाच होता: येण्याजाण्यासाठी एक साधं लुगडं आणि शाळेत पोचल्यावर नेसायला दुसरं. शाळेत शिरायचं, शेणाचिखलानं भरलेलं लुगडं सोडायचं, स्वच्छ नेसायचं, शिकवायचं. निघताना पुन्हा तेच मळकं गुंडाळून बाहेर पडायचं. एकदा एका धटिंगणानं वाट अडवली तेव्हा तिने त्याच्या थोबाडीत दिली, अशीही आठवण सांगतात. पुढे सोबतीला शिपाई देण्यात आला.

दुसऱ्या लुगड्याच्या त्या आठवणीकडे धैर्याची कथा म्हणून पाहणं सोपं आहे आणि ते खोटंही नाही. पण ती खर्चाचीही कथा आहे. जास्तीचं कापड, रोजचं धुणं, नेसण्या-सोडण्यात जाणारा वेळ, शिपायाचा पगार, आणि आज कोण कुठल्या कोपऱ्यावर उभं असेल याचा घरातून निघतानाच मनात घ्यावा लागणारा अंदाज. हा सगळा भार शेण मारणाऱ्याच्या नव्हे, चालणारीच्या अंगावर पडला. 1849 मध्ये जोतीरावांच्या वडिलांनी समाजाच्या दबावाखाली दोघांना घराबाहेर काढलं, तेव्हा त्यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला. म्हणजे रस्त्यावरचा त्रास घराच्या उंबऱ्यापाशी थांबत नव्हता. बाहेरून आलेला दाब घराच्या आतून पुढे सरकत होता.

तरीही शाळा बसली नाही. 3 जुलै 1851 रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली. पहिल्या दिवशी तिथे आठ मुली होत्या, थोड्याच काळात ती संख्या 48 वर गेली. सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. सरकारी दरबारात मान मिळाला म्हणून पेठेतल्या कोपऱ्यावरची माणसं हलली नाहीत, पण मुली वाढत गेल्या तशी एकट्या बाईवर रोखलेली नजर विभागली गेली. एकीला अडवणं सोपं होतं. रोज निघणाऱ्या कितीतरी मुलींना अडवायला कोपऱ्यावरचे पुरेनात.

बाकीच्या शहरांनी दुसरी वाट धरली. मुंबईत 1849 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते. त्याच वर्षी कलकत्त्यात बेथून साहेबांनी शाळा उघडली. भद्र घरच्या मुली पायी येणार कशा, हा प्रश्न आला तेव्हा शाळेनं बंद घोडागाडी ठेवली. मुलीलाही मुलाप्रमाणेच जपून वाढवावं आणि यत्नानं शिकवावं, असं सांगणारं एक संस्कृत वचन ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्या गाडीवर लिहवून घेतलं. गाडी रस्त्यानं जाई तेव्हा बघणाऱ्यांना मुली दिसत नसत, शास्त्राचा आधार दिसत असे. ही युक्ती मोठी चतुर होती. तिने मुलींना शाळेपर्यंत सुखरूप नेलं. रस्ता मात्र होता त्यांच्याच ताब्यात राहिला.

याच सुमारास कायदाही तयार होत होता. मेकॉलेच्या विधी आयोगानं 1837 मध्ये दंड संहितेचा मसुदा केला. ती 1860 मध्ये मंजूर झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून लागू झाली. तिच्या कलम 509 मध्ये, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं शब्द उच्चारणं, आवाज काढणं किंवा हावभाव करणं हा गुन्हा ठरला. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. अंगाला हात लावला तर कलम 354. आनंदीबाई मुंबईत शाळेत जात होत्या तेव्हा हे कायदे अमलात येऊन बराच काळ लोटला होता. थुंकणाऱ्या दुकानदाराचे हातवारे कलम 509 च्या शब्दांत नेमके बसत होते. पण चौकीत जाऊन तक्रार कोणी करायची? बारा-चौदा वर्षांच्या मुलीनं? आणि कोणाविरुद्ध? एकानं खडा मारला, दुसरा हसला, तिसरा बघत राहिला, चौथ्यानं गाडी थांबवली. कायद्याला एक आरोपी लागतो; रस्त्यावरचा त्रास बहुधा गर्दीकडून होतो आणि गर्दीतला प्रत्येक जण म्हणतो, मी काय केलं?

कायद्याची भाषाही लक्षात घेण्यासारखी आहे. त्यानं बाईच्या चालण्याच्या हक्काला संरक्षण दिलं नाही, तिच्या विनयाला दिलं. ज्या बाईला समाज आधीच विनयशील मानायला तयार नव्हता, तिच्या वाट्याला त्यातलं किती येणार? बूट घालून शाळेत जाणारी बाई लोकांच्या लेखी त्या यादीतून आधीच बाद झालेली होती.

गोपाळरावांची बदली होत गेली. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग कलकत्ता आणि सेरामपूर. मराठी मुलखातून बंगालमध्ये गेल्यावर ओळखीचे डोळे मागे पडतील, ही अपेक्षा फोल ठरली. नदीकाठच्या रस्त्यानं फिरायला गेलं तर इंग्रज तिच्याकडे बघायला धजावत नाहीत, सोल्जरसुद्धा त्रास देत नाहीत. पण बाबू लोक प्रत्येक गोष्टीची टिंगल करतात, असं तिने त्या सभेत सांगितलं. तू कोण, जात कोणती, आलीस कुठून, चाललीस कुठे, हे प्रश्न परक्या माणसानं विचारू नयेत, असं तिचं मत होतं. सेरामपूरमधले काही शिकलेले लोक अजून विचार करत होते, की ही लग्नाची आहे की विधवा, वाईट चालीची आहे की जातीबाहेर टाकलेली.

यातला इंग्रजांविषयीचा भाग आज वाचताना खटकतो. राज्यकर्त्यांच्या सोल्जरांना दिलेलं ते प्रशस्तिपत्र पुढच्या राष्ट्रवादी वाचकाला आवडणं कठीण होतं. पण ती आपल्याच माणसांशी बोलत होती आणि तिची तक्रार आपल्याच माणसांबद्दल होती. मुंबईतल्या ओटीवर आणि बंगालमधल्या नदीकाठावर तिला भेटलेले लोक अडाणी गुंड नव्हते. बरेचसे शिकलेले, घरंदाज आणि नोकरीपेशातले होते.

अमेरिकेला जाण्याचं तेवढंच एक कारण होतं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. हिंदू बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, हे तिचं पहिलं आणि मोठं कारण होतं. तिचं चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. देशात बायकांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय नावापुरती होती. पण सोय नाही म्हणजे काय, हे सांगताना तिने शाळेच्या वाटेचा समावेश केला, आणि तो अचूक होता. वर्ग उघडा आणि वाट बंद, अशी स्थिती असली तर वर्ग उघडा असून उपयोग काय? एप्रिल 1883 मध्ये ती कलकत्त्याहून बोटीनं निघाली, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ती एम. डी. झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी तिला देऊ करण्यात आली. ती परतली तेव्हा तिचं कौतुक झालं. पण क्षयानं ती खंगली होती; 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात तिचा मृत्यू झाला.

तोवर पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू होऊन अडीच वर्षं झाली होती आणि बायका आगगाडीनं प्रवास करू लागल्या होत्या. आगगाडीनं रस्त्याचाच प्रश्न नव्या रूपात उभा केला: अनोळखी पुरुषांबरोबर एकाच डब्यात बसायचं कसं? 1890 च्या रेल्वे कायद्यानं त्याचं उत्तर दिलं. 1 जानेवारी 1891 पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त बायकांसाठी राखायचा, आणि गाडी 50 मैलांहून लांब जाणार असेल तर त्यात शौचालय असायचं. पडदा पाळणाऱ्या घरच्या बायकांनी प्रवास करावा, हा त्यामागचा हेतू होता. मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा याच परंपरेतला आहे, आणि 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली धावलेली पहिली लेडीज स्पेशलसुद्धा. नोकरीसाठी रोज दोन-तीन तास प्रवास करणाऱ्या लाखो बायकांना या डब्यांनी काय दिलं, हे त्यांनाच विचारावं. सकाळच्या गाडीत त्या भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, उभ्या उभ्या डुलकी काढतात. पण डबा जिथे संपतो त्या पुलावर, जिन्यावर आणि रिक्षाच्या रांगेत राखीव असं काही नसतं.

बायका मोठ्या संख्येनं रस्त्यावर आल्या त्या चळवळींमधून. 1930 च्या सत्याग्रहात मुंबईच्या देशसेविका केशरी साड्या नेसून परदेशी कापडाच्या दुकानांसमोर उभ्या राहिल्या, आणि घराबाहेर कधी न पडलेल्या बायका प्रभातफेऱ्यांत चालल्या. 1972 मध्ये महागाईविरोधात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांमागे हजारो जणी लाटणी घेऊन निघाल्या. हातात झेंडा किंवा लाटणं होतं, सोबत समूह होता, आणि निघण्याचं कारण सर्वांना मान्य होतं. मोर्चा पांगला की त्यातली प्रत्येक जण पुन्हा एकटी घरी जात होती.

स्वातंत्र्यानंतर या त्रासाला छेडछाड असं हलकंफुलकं नाव पडलं. नायिकेच्या मागे सायकल घेऊन फिरणारा सिनेमातला नायक तेच करत होता आणि शेवटी तीच त्याच्या गळ्यात माळ घालत होती. 1998 मध्ये चेन्नईत अशाच त्रासातून एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, तेव्हा तमिळनाडूनं तातडीनं अध्यादेश काढून स्वतंत्र कायदा केला. चार वर्षांनी त्या कायद्याच्या नावातली छेडछाड काढून तिथे महिलांचा छळ असे शब्द आले. 30 नोव्हेंबर 2012 रोजी तमिळनाडूतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना आदेश दिले: बस थांबे, स्थानकं, चित्रपटगृहं, बागा, समुद्रकिनारे अशा ठिकाणी साध्या वेशातल्या महिला पोलीस नेमा, हेल्पलाइन सुरू करा, बसमध्ये त्रास झाला आणि पीडितेनं मागणी केली तर बस थेट जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावी. बरोबर 16 दिवसांनी दिल्लीत चालत्या बसमधला तो सामूहिक बलात्कार झाला.

त्यानंतरच्या वर्मा समितीनं महिनाभरात अहवाल दिला. 2013 मध्ये दंड संहिता बदलली: लैंगिक छळ, चोरून पाहणं आणि पाठलाग यांना पहिल्यांदा वेगळे गुन्हे म्हणून जागा मिळाली, कलम 509 ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत वाढली. पाठलाग हा गुन्हा आहे असं कायद्यात लिहायला संहिता लागू झाल्यापासून दीडशेहून अधिक वर्षं लागली. विनयशीलतेचं ते जुनं कलम मात्र टिकलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 79 म्हणून, जवळपास त्याच शब्दांत आहे.

दरम्यान मुंबईत एका वेगळ्या प्रश्नावर काम झालं होतं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी शहरातल्या बायका सार्वजनिक जागी कशा वावरतात याचा अभ्यास केला. ‘व्हाय लॉइटर’ हे त्यांचं पुस्तक 2011 मध्ये आलं. त्यांनी टिपलेली गोष्ट आनंदीबाईंना विचारल्या गेलेल्या प्रश्नांशी जुळते. मुंबईतली बाई रस्त्यावर असते तेव्हा ती कामासाठी निघाली आहे हे तिला सतत दाखवावं लागतं: खांद्याला पर्स, कानाला फोन, चालण्यात घाई. बसस्टॉपवर थांबायचं तर बस यायची आहे असं दिसावं लागतं. पुरुष नाक्यावर तासभर नुसता उभा राहिला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. त्यामुळे बाईला सुरक्षिततेपेक्षाही जास्त गरज आहे ती विनाकारण बाहेर राहण्याच्या हक्काची, असा या तिघींचा युक्तिवाद आहे. धोका पत्करायचा की नाही हेही तिनेच ठरवावं, असं त्या म्हणतात. सुरक्षिततेच्या नावावर मुलींवर लादल्या जाणाऱ्या वेळेच्या बंधनांना आणि हॉस्टेलच्या नियमांना त्यांचा आक्षेप आहे, आणि अनेक पालकांना तो पटत नाही.

2014 पासून नेहा सिंग यांच्या पुढाकारानं मुंबईत बायकांचे गट केवळ भटकण्यासाठी रात्री बाहेर पडू लागले. जस्मीन पाथेजा यांनी 2003 मध्ये बंगळुरात सुरू केलेल्या ब्लँक नॉइजच्या उपक्रमात बायका वेगवेगळ्या शहरांतल्या बागांमध्ये जाऊन दुपारी झोपतात. बाकावर किंवा हिरवळीवर चादर टाकायची आणि डोळे मिटायचे, एवढंच. पहिल्या वेळी झोप लागत नाही, असं त्यात भाग घेणाऱ्या अनेकींचं सांगणं असतं.